डेस्कटॉप आपोआप स्लीपला जात नाही. सगळं तपासून झालं, आता काय बघू?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार. प्रश्न छोटाच आहे, पण तीन आठवडे डोकं खातोय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी पुस्तकांची मांडणी करते आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रंही काढते. काम रात्रीच चालतं आणि डेस्कटॉप नि पलंग एकाच खोलीत आहेत. विंडोज ११, मशीन चार वर्षांचं. स्क्रीन बंद व्हायची वेळ १५ मिनिटं आणि स्लीपची ३० मिनिटं लावलेली आहे. पूर्वी काम आटपलं की मी मॉनिटरचं बटण दाबायची, उद्याची यादी लिहायची, दोनचार पानं वाचायची. तेवढ्यात कॅबिनेटमधून एक बारीक 'टक्' यायचा, पंखा थांबायचा आणि पुढचा पांढरा दिवा सावकाश मिणमिणायला लागायचा. तो टक् ऐकला की माझा दिवस संपायचा.

तीन आठवडे झाले, टक् नाही. रात्री दोनला जाग येते तर पंखा चालू. सकाळी उठते तर पंखा चालू. प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आहे माझ्याकडे. नुसतं बसून असताना मशीन ५८ वॉट खातं, स्लीपमध्ये २. म्हणजे रात्रीच्या आठ तासांत जवळजवळ अर्धं युनिट कुणाच्याही उपयोगाविना जातं. पण खरं सांगायचं तर मला विजेपेक्षा त्या पंख्याचा जास्त राग येतो.

आतापर्यंत काय केलं: वेळा तीनदा तपासल्या. पॉवर प्लॅन मूळ स्थितीला आणला. सगळे प्रोग्रॅम बंद करून पाहिले, ब्राउझरसुद्धा. अपडेट झाले, रीस्टार्ट झाले, व्हायरस तपासून झाला. आणि एक गंमत म्हणजे स्टार्टमध्ये जाऊन स्वतः स्लीप दाबलं की पठ्ठ्या दोन सेकंदांत गाढ झोपतो आणि सकाळपर्यंत उठत नाही. म्हणजे झोपता येतं त्याला, आपणहून झोपत नाही.

आणखी एक. या तीन आठवड्यांच्या आधीही अधूनमधून एखाद्या रात्री तो जागाच राहायचा. तेव्हा मला वाटायचं, मीच काहीतरी चालू ठेवलं असेल. संबंध आहे की नाही माहीत नाही, पण सांगून ठेवते.

खटपट्या | मंगळवार, सकाळी ७:३०

'स्वतः दाबलं की झोपतो' हे लिहिलंत ते फार बरं केलंत, अर्धी शोधाशोध वाचली. लोक 'स्लीप होत नाही' म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळे आजार असतात.

एक म्हणजे स्लीपचा पर्यायच दिसत नाही. हे बहुतेकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (म्हणजे तो भाग विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) नीट बसलेला नसला की होतं. दुसरा, झोपतो पण लगेच उठतो. तिथे माऊस, कीबोर्ड नाहीतर नेटवर्क कार्ड त्याला उठवत असतं. तिसरा, वेळ उलटून गेली तरी झोपतच नाही. तुमचा हा तिसरा. पहिल्या दोघांसाठी सांगितलेले उपाय तुम्हाला शंभर ठिकाणी वाचायला मिळतील आणि एकाचाही उपयोग होणार नाही. नेटवर्क कार्डाची 'मशीन उठवू दे' ही खूण काढा असं कुणी सांगितलं तर काढू नका असं नाही, पण तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

तिसऱ्या आजाराचं मूळ असं. कुठलाही प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर विंडोजला सांगू शकतो की 'माझं काम चालू आहे, तोवर आपोआप झोपू नकोस'. याला पॉवर रिक्वेस्ट म्हणतात. व्हिडिओ बघताना मध्येच मशीन झोपू नये म्हणून ही सोय. पण ज्याने मागणी केली त्याने ती मागे घेतलीच नाही तर विंडोज बिचारं रात्रभर जागत बसतं. आपण स्वतः स्लीप दाबतो तेव्हा ही मागणी आडवी येत नाही, म्हणून तुमचं मशीन दोन सेकंदांत झोपतं.

मागणी कुणाची आहे ते बघायला एक कमांड आहे. मी फोनवरून मराठी कीबोर्डने लिहितोय, त्यामुळे उच्चार देतो, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा. स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड लिहायची काळी खिडकी) शोधा, त्यावर उजवी क्लिक, 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. हे विसरलात तर कमांड चालणार नाही. मग 'पॉवर' हा शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही अक्षरं. एक जागा सोडा. तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळीवरची) आणि तिला चिकटून 'रिक्वेस्ट्स'. शेवटचा एस विसरू नका. एंटर.

डिस्प्ले, सिस्टम, अवेमोड, एक्झिक्यूशन असे मथळे येतील. ज्याच्याखाली 'नन' आहे तिथे कुणी नाही. नन नसेल तिथे जे काही लिहिलं आहे ते जसंच्या तसं इथे टाका. आणि ही कमांड नेहमी काम संपवताना असते त्याच अवस्थेत चालवा. सगळं बंद करून, आवरून सावरून चालवली तर चोर आधीच पळालेला असेल.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:१५

सापडलं काहीतरी! सगळीकडे नन, फक्त सिस्टमच्या खाली कंसात 'ड्रायव्हर' असं आहे, पुढे 'यूएसबी ऑडिओ डिव्हाइस' आणि एक लांबलचक आकड्या-अक्षरांची माळ. त्याखालच्या ओळीचा अर्थ असा की सध्या एक ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे.

पण काहीही वाजत नाहीये. स्पीकर तर बटणानेच बंद असतात, काम करताना मला शांतता लागते. ब्राउझर बंद आहे. मग वापरतंय कोण?

दोनअधिकदोन | मंगळवार, रात्री १०:४०

एवढी यातायात करण्यापेक्षा काम झाल्यावर शटडाउन करायचं. मी रोज करतो. प्रश्नच मिटला.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:५८

करता आलं असतं तर केलंच असतं हो. एका वेळी चौदा फायली उघड्या असतात. कुठलं पान कुठल्या टप्प्यावर आहे, चित्र किती झूम करून ठेवलंय, हे सगळं सकाळी जसंच्या तसं समोर हवं असतं. रोज मांडामांड करण्यात माझा पाऊण तास जातो.

शांतपंखा | मंगळवार, रात्री ११:२०

ताई, यूएसबी ऑडिओ म्हणजे वेगळा मायक्रोफोन किंवा हेडसेट लावलाय का? असेल तर हे बघा. साउंडच्या जुन्या खिडकीत जा. म्हणजे नवीन सेटिंगमध्ये साउंडच्या पानावर अगदी तळाशी 'मोअर साउंड सेटिंग्ज' असतं ते. तिथे रेकॉर्डिंगच्या टॅबवर तुमच्या माइकवर दोनदा क्लिक करा. 'लिसन' नावाचा टॅब आहे. त्यात 'लिसन टू धिस डिव्हाइस' या चौकटीत बरोबरची खूण आहे का?

ती खूण असली की माइकमधून येणारा प्रत्येक आवाज सतत स्पीकरकडे पाठवला जातो. तुमचे स्पीकर त्यांच्या बटणाने बंद आहेत, हे विंडोजला कुठून कळणार? त्याच्या दृष्टीने खोलीतल्या पंख्याचा आवाज हे चालू असलेलं गाणंच आहे, आणि गाणं चालू असताना झोपायचं नाही हा नियम.

तिथे खूण नसली तर मग रेकॉर्डिंगचे, कॉलचे प्रोग्रॅम एकेक करून बंद करत जा आणि दरवेळी तीच कमांड पुन्हा चालवा. ज्याच्यानंतर ओळ गायब होईल तो गुन्हेगार.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:३४

खूण आहे!! आणि ती मीच केलेली आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका गोष्टीचं वाचन रेकॉर्ड करायला नवा माइक आणला, तेव्हा आपला आवाज कसा येतो ते ऐकायला लावली होती. काढायची राहून गेली. काढली. कमांड पुन्हा चालवली. सगळीकडे नन. काय सुंदर दिसतंय. दोघांचेही खूप आभार. आज टक् ऐकूनच झोपणार.

आगगाडी | बुधवार, सकाळी ९:०५

धागा वाचून माझाही अनुभव टाकतो, कुणाला कामी येईल. माझ्याकडे त्या यादीत 'एसआरव्हीनेट' असं नाव यायचं आणि खाली लिहिलेलं असायचं की बाहेरच्या एका क्लायंटने नुकतीच या मशीनकडे काहीतरी मागणी केली आहे. मला वाटलं, कुणीतरी घुसलंय. दोन दिवस पासवर्ड बदलत बसलो.

एसआरव्हीनेट म्हणजे फायली शेअर करणारा विंडोजचा स्वतःचा भाग. डेस्कटॉपवरचं फोटोंचं फोल्डर मी शेअर करून ठेवलं होतं आणि लॅपटॉपवर ते ड्राइव्ह म्हणून जोडलेलं होतं. लॅपटॉप शेजारच्या खोलीत उघडा असला की तो अधूनमधून 'आहेस ना रे?' असं विचारायचा आणि डेस्कटॉप इमानेइतबारे 'आहे' म्हणत जागा राहायचा. लॅपटॉपवरची ती जोडणी काढली, प्रश्न संपला.

जोडणी काढायची नसेल तर त्याच कमांडचा एक भाऊ आहे, 'रिक्वेस्ट्सओव्हरराइड'. पुढे ड्रायव्हर, मग नाव, मग सिस्टम असं लिहिलं की विंडोज त्या नावाच्या मागणीकडे दुर्लक्ष करतं. मी मात्र ते केलं नाही. कारण मग खरोखरच मोठी फाइल तिकडे जात असली तरी हा मध्येच झोपणार. ऑडिओच्या बाबतीत तर ते मुळीच करू नये, अर्ध्या गाण्यात मशीन डुलकी घेईल.

दक्षिणवारा | बुधवार, सकाळी ११:४०

विंडोज नसलेल्यांसाठी: मॅकवर हेच बघायला टर्मिनलमध्ये 'पीएमसेट', जागा, वजाचिन्हासह जी, जागा, 'असर्शन्स'. लिनक्सवर, सिस्टमडी (बऱ्याच लिनक्समध्ये बाकी सगळं चालू करणारा मूळ भाग) असेल तर, 'सिस्टमडी' आणि 'इनहिबिट' मध्ये वजाचिन्ह देऊन जोडायचे, आणि पुढे दोन वजाचिन्हं देऊन 'लिस्ट'. तत्त्व एकच, कोण जागं ठेवतंय त्याची हजेरी.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:१०

मंडळी, फार लवकर आनंद झाला. काल रात्री टक् आलाच नाही. पहाटे चारला पंखा चालू. आत्ता कमांड चालवली तर सगळीकडे नन, एक अक्षरसुद्धा नाही. माइक तर काढूनच ठेवलाय. यादीत कुणीच नाही तरी हा जागा का?

खटपट्या | बुधवार, दुपारी २:२५

यादी रिकामी आणि तरी जागा, म्हणजे कुणी मागणी केलेली नाही. मग उरतं एकच. तुम्ही स्वतः मशीन वापरताय असं त्याला वाटतंय. माऊस हलला, कळ दाबली गेली की ३० मिनिटांचं मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू होतं. याची नोंद रिक्वेस्ट्सच्या यादीत येत नाही, कारण ही मागणी नाही, तुमची हालचाल आहे.

तुमचा सोमवारचा मूळ प्रश्न मी पुन्हा वाचला आणि एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. तुम्ही मॉनिटर बटणाने बंद करता. स्क्रीन १५ मिनिटांनी आपोआप काळी होते का, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? नुसती स्लीपची मागणी अडकलेली असेल तर स्क्रीन वेळेवर काळी होते, फक्त मशीन जागं राहतं. पण माऊससारखं काहीतरी सतत हलत असेल तर स्क्रीनसुद्धा बंद होत नाही. तुम्ही बटण दाबत असल्यामुळे हा पुरावा तुम्हाला कधी दिसलाच नाही.

तेव्हा आज एवढंच करा. स्क्रीन आणि स्लीप दोन्हींची वेळ तात्पुरती १ मिनिट करा, नाहीतर प्रत्येक प्रयोगाला अर्धा तास जाईल. मॉनिटर चालू ठेवा. नेहमी काम संपल्यावर टेबल जसं असतं अगदी तसं ठेवा, काहीही आवरू नका. मग हात मांडीवर ठेवून माऊसच्या बाणाकडे बघत बसा. चकचकीत किंवा काचेच्या टेबलावर ऑप्टिकल माऊस असेल तर बाण आपोआप थरथरतो. तसं असेल तर माऊस उलटा करून ठेवा आणि पुन्हा बघा. माऊस नसेल तर यूएसबीत जे जे खुपसलेलं आहे ते एकेक करून काढा.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:४८

ऐका आता.

वेळ १ मिनिट केली, हात मांडीवर, बाणाकडे डोळे. सुरुवातीला काहीच नाही. माऊस पॅडवर आहे, तो शहाणा निघाला. एक मिनिट झालं, दीड झालं, स्क्रीन काही काळी होईना. मग मी खुर्ची पुढे ओढून अगदी जवळून पाहिलं. बाण एका 'क'च्या गाठीवर उभा होता. बाणाचं टोक त्या गाठीत शिरायचं आणि बाहेर यायचं. केसभर. एखाद्याच्या डोळ्याची पापणी फडफडते ना, तसं. दोन हात लांब बसून ते कधीच दिसलं नसतं.

माऊस उलटा केला. पापणी फडफडतेच आहे. वायर काढली. तरीही फडफडतेय! आता मात्र अंगावर काटा आला. माऊसच नाही तर बाण हलवतंय कोण?

मग टेबलाकडे पाहिलं. चित्र काढायचा टॅब्लेट, आणि त्यावर आडवं ठेवलेलं त्याचं पेन. मी चित्राचं काम संपलं की पेन तिथेच ठेवते, टॅब्लेटच्या वरच्या कडेला समांतर. टेबलावरची तेवढी एकच गोष्ट मी नीट ठेवते. या पेनला टेकवायचीही गरज नसते, टोक पाटीपासून थोडं वर असलं तरी टॅब्लेटला ते कळतं. म्हणजे रात्रभर ते पेन तिथे पडून 'मी इथे आहे, मी इथे आहे, आता केसभर डावीकडे आहे' असं सांगत होतं.

पेन उचललं. बाण थिजला. मी श्वास रोखून मोजायला लागले. एक मिनिटाने स्क्रीन काळी झाली आणि पाठोपाठ टक्.

आणि अधूनमधून एखाद्या रात्री जागा राहायचा, त्याचाही उलगडा झाला. ज्या रात्री चित्रं काढायची त्या रात्री पेन टॅब्लेटवर. नुसती मांडणी असली की पेन खणात. माइकची खूण नंतर आली आणि तिने चांगल्या रात्रीही बिघडवल्या. चोर दोन होते, पहिला पकडला म्हणून दुसरा थोडाच सुधारणार होता.

शांतपंखा | गुरुवार, सकाळी ६:५०

वा! माइकच्या खुणेवर मी खूश होऊन बसलो होतो, पेनाचा विचारही डोक्यात आला नसता. पेनसाठी उभं ठेवायचं स्टँड वापरा, टॅब्लेटपासून चार बोटं लांब.

एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण चौदा फायलींचं वाचून विचारतो. स्लीपमध्ये असताना वीज गेली तर? स्लीपमध्ये सगळं रॅममध्येच (मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीत) असतं, वीज गेली की ते गेलं. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड खिडकीत स्लीपच्या खाली 'अलाव हायब्रिड स्लीप' दिसत असेल तर ते चालू ठेवा. मग झोपण्याआधी मशीन रॅममधलं सगळं डिस्कवरही लिहून ठेवतं. वीज गेली तर उठायला जरा वेळ लागेल, पण चौदाच्या चौदा फायली जागेवर असतील. तरी सेव्ह करून झोपा.

खटपट्या | गुरुवार, सकाळी ८:१५

झकास. वेळा परत १५ आणि ३० करायला विसरू नका, नाहीतर उद्या 'चित्र काढताना मशीन मध्येच झोपतं' म्हणून नवा धागा काढाल. आणि रात्री खरंच झोपलं का हे पंखा ऐकून ठरवू नका. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. कर्नल-पॉवरची ४२ क्रमांकाची नोंद म्हणजे मशीन झोपायला गेलं ती वेळ. उठल्याची नोंद पॉवर-ट्रबलशूटरच्या नावाने येते, क्रमांक १, आणि कशाने उठलं हे बहुतेकदा त्यातच लिहिलेलं असतं.

रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ९:२०

काल सव्वाबाराला काम थांबवलं. पेन पेल्यात उभं, माइक खणात, वेळा पूर्ववत, हायब्रिड चालू. मॉनिटरचं बटण मुद्दाम दाबलं नाही. साडेबाराला स्क्रीन काळी झाली एवढं पाहिलं आणि मग मलाच झोप लागली, टक् ऐकायचा राहिला. आत्ता नोंद पाहिली. ४२, रात्री १२ वाजून ४५ मिनिटं. उठल्याची सकाळी ९ वाजून ४, आणि उठवणारी मी.